शनिवारची सरहद्द

परदेशात नोकरीसाठी राहणाऱ्या माणसाच्या मागे एक चमत्कारिक कर्तव्य लागते. सोमवार ते शुक्रवार पोटाचा उद्योग, आणि शनिवार-रविवार तो देश पाहून संपवायचा! पुण्यात जन्म काढून सिंहगड न चढलेली माणसे मी पाहिली आहेत; पण परक्या मुलुखात एक शनिवार घरात गेला की त्याच माणसांना हळहळ वाटते. आमच्या ह्यांना सायप्रसमध्ये, लिमासोल गावच्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरी लागली, तेव्हा आम्हीही भिंतीवर नकाशा लावला. बेट ते केवढे? आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडे मोठे. गाड्या डाव्या बाजूने चालतात, घरातले विजेचे खटके इंग्रजी पद्धतीचे, आणि हलुमी नावाचे चीज तव्यावर परतले की पनीरची आठवण यावी. म्हणजे फारसे परकेही नाही. फक्त त्या नकाशावर पूर्व-पश्चिम आडवी अशी एक रेघ होती.

त्या रेघेची हकिकत थोडक्यात सांगते. १९६० साली इंग्रज गेले (जाताना दोन लष्करी तळ स्वतःकडे ठेवून गेले, ते अजून त्यांचेच आहेत). १९६३ च्या डिसेंबरात ग्रीक बोलणारे आणि तुर्की बोलणारे यांच्यात रक्तपात सुरू झाला, तेव्हा एका इंग्रज सेनापतीने निकोसिया शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांची फौज आली. आपले जनरल थिमय्या त्या फौजेचे प्रमुख होते, आणि १९६५ च्या डिसेंबरात त्यांनी इथेच देह ठेवला. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. मग १९७४ चा जुलै. अथेन्सच्या लष्करशहांनी इथले सरकार उलथवले, पाच दिवसांत तुर्कस्तानची फौज उत्तर किनाऱ्यावर उतरली, आणि पेन्सिलीची रेघ १८० किलोमीटर लांब झाली. दीड लाखावर ग्रीक दक्षिणेला पळाले. दक्षिणेतले चाळीस हजारांवर तुर्क उत्तरेला गेले. दोन्हीकडची मिळून २००२ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. त्यांची हाडे शोधून घरच्यांच्या हाती देण्याचे काम अजून संपलेले नाही.

भाऊबंदकी म्हटले की आपल्याला वाड्याच्या चौकात घातलेली भिंत आठवते. मलाही प्रथम तेच वाटले. पण भिंतीपलीकडच्या चुलतभावाची निदान भांडी वाजलेली तरी ऐकू येतात. इथे २००३ पर्यंत, म्हणजे एकोणतीस वर्षे, सामान्य माणसाला पलीकडे पाऊल टाकता येत नव्हते.

आता मात्र जाणे अगदी सोपे आहे, निदान आमच्यासारख्यांना. निकोसियाच्या लेड्रा रस्त्यावर चपलांची, कपड्यांची, आइस्क्रीमची दुकाने पाहत चालत जावे. रस्त्यातच एक चौकी येते. पासपोर्ट दाखवायचा, पडक्या, बंद घरांमधून थोडी पावले चालायची, दुसऱ्या चौकीवर पुन्हा पासपोर्ट, आणि पुढे तोच बाजार तुर्की भाषेत सुरू! अलीकडे जिला ग्रीक किंवा सायप्रसची कॉफी म्हणावे लागते, तीच पलीकडे तुर्की कॉफी होते. चव तीच, गाळ तोच. मोटार न्यायची तर दुसऱ्या नाक्यावर वेगळा विमा उतरवावा लागतो. एवढे केले की तासाभरात किरीनियाच्या बंदरावर मासे खात बसावे. तिथल्या किल्ल्यात तेविसशे वर्षांपूर्वी बुडालेले एक जहाज ठेवले आहे; त्यातले बदामसुद्धा राहिले आहेत. ते पाहायला आम्ही तीनदा गेलो.

तिसऱ्या खेपेला बंदरावरच्या कॉफीवाल्याने आम्ही कुठे राहतो ते विचारले. लिमासोल म्हणताच तो खुर्ची ओढून बसलाच. तो तिथला, किल्ल्यामागच्या तुर्की मोहल्ल्यातला. गेला तेव्हा नऊ वर्षांचा होता. "तिथे हल्ली काय आहे?" त्याने विचारले. तिथे हल्ली खाणावळी आहेत, आणि आम्ही रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर तिथेच शतपावली घालतो. मी म्हटले, "मशीद आहे अजून." तो म्हणाला, "ती आहे, हे ऐकून आहे." त्याने कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

आमच्या शेजारी एक बाई राहतात. ग्रीकमध्ये आजीला 'याया' म्हणतात. आमची मुले म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. याया लापिथोसची, म्हणजे किरीनियाच्या पश्चिमेला डोंगराखालचे लिंबांचे गाव. १९७४ साली ती बावीस वर्षांची होती. नाके उघडले तेव्हा तिचा नवरा घर पाहून आला आणि तीन दिवस कोणाशी बोलला नाही. याया गेली नाही, ती आजपर्यंत. "माझ्या घरी जायला मी पासपोर्ट दाखवू?" एवढेच ती म्हणते.

सोमवारी सकाळी ती कॉफी घेऊन गच्चीत आली की विचारते, काल कुठे गेला होतात? ट्रोडोसचे डोंगर सांगितले की खुलते, तिथल्या चेरींचे भाव विचारते. किरीनिया सांगितले की कपाकडे बघत राहते. खोटे सांगावे असे ह्यांचे मत. मला ते पटत नाही. ती विचारते ते ऐकायचे असते म्हणूनच.

गेल्या मार्चमध्ये अशाच एका सोमवारी बराच वेळ गप्प बसून तिने विचारले, "लापिथोसच्या झऱ्याला पाणी आहे का ग?"

आम्ही तिथे कधी गेलो नव्हतो. पुढच्या शनिवारी फक्त तेवढ्यासाठी गेलो. गावात बंगले पुष्कळ उठले आहेत, लिंबाच्या बागा त्यांच्या मधे मधे उरल्या आहेत. तिचे घर आम्ही शोधले नाही. तिने सांगितले नव्हते, आणि त्यात कोण राहते हे पाहून मी तिला काय सांगणार होते? झरा सापडला. हे म्हणाले, फोटो काढ. मी काढला नाही.

सोमवारी मी विचारायची वाट न पाहता सांगितले, "पाणी आहे."

"हात घातलास?"

"घातला. गार होते."

"मार्चमध्ये गारच असते," याया म्हणाली. मग कॉफी उतू जाईल म्हणून आत गेली. कॉफी आमची मघाशीच पिऊन झाली होती.