दुसऱ्याने लिहिलेला कोड

बरीच वर्षं मी एक मत जपून ठेवलं होतं: जो प्रोग्रामर तयार लायब्ररी उचलतो, त्याला स्वतःचं काम पुरतं येत नाही. मी हे उघडपणे बोलत नसे. पण कुणाच्या प्रकल्पात बाहेरचा कोड दिसला की त्या माणसाबद्दलचा माझा निकाल तिथेच लागायचा. आज ते मत माझं राहिलेलं नाही. ते का धरून ठेवलं होतं आणि कशाने सुटलं, हे मला सांगावंसं वाटतं.

मॅकवर ‘आल्फ्रेड’ नावाचा लाँचर आहे. कळ दाबली की पडद्यावर एक पट्टी उघडते. दोन-चार अक्षरं टंकली की हवं ते अ‍ॅप किंवा फाइल समोर येते. २०१३मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत वर्कफ्लोची सोय आली आणि ज्याला थोडंफार प्रोग्रामिंग येतं, त्याला या पट्टीतून स्वतःची कामं करून घेता येऊ लागली. त्यातला ‘स्क्रिप्ट फिल्टर’ मला फार आवडला. तुम्ही टंकत जाता तशी तुमची स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालते, ती निकालांची यादी छापते आणि आल्फ्रेड ती यादी दाखवतो. सुरुवातीला ही यादी एक्सएमएलमध्ये द्यावी लागे, तिसऱ्या आवृत्तीपासून जेसनमध्येही देता येऊ लागली.

मी महाराष्ट्रातल्या गावांच्या, नद्यांच्या, घाटांच्या नोंदी ठेवतो. त्या शोधण्यासाठी मी पायथनमध्ये वर्कफ्लो लिहिला, सगळा हाताने. एक्सएमएलच्या ओळी मी अक्षरं जोडून छापायचो. एका नोंदीच्या शीर्षकात ‘अँड’चं चिन्ह आलं आणि पूर्ण यादीच दिसेनाशी झाली. मी तेवढं चिन्ह बदलणारी ओळ घातली. एका संकेतस्थळावरून माहिती आणताना प्रत्येक अक्षरागणिक नेटवर्कला हाक जायची आणि पट्टी अडखळायची. मी कामचलाऊ साठवण केली. त्याच संकेतस्थळाचा पासवर्ड तर मी स्क्रिप्टमध्येच उघडा लिहून ठेवला होता. दर वेळी अडचण सुटली की वाटायचं, हे आपण आपल्या हिमतीवर केलं.

याच कामासाठी डीन जॅक्सन यांची ‘आल्फ्रेड-वर्कफ्लो’ नावाची पायथन लायब्ररी मोफत मिळत होती. मला ती माहीत होती. ती मी उघडूनही पाहिली नव्हती.

मग एकदा एका मित्राने माझ्या मॅकवर ‘वऱ्हाड’ शोधलं. निकाल रिकामा. नोंद होती, मीच लिहिली होती. ‘पुणे’ सापडत होतं, ‘नाशिक’ सापडत होतं. ‘कऱ्हाड’ नाही, ‘दऱ्या’ नाही, ‘कोऱ्या’ नाही. मित्र निघून गेल्यावर मी टंकलेल्या आणि नोंदीतल्या, दोन्ही शब्दांचे आतले आकडे छापून पाहिले, तेव्हा गोष्ट उघड झाली. आपला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याला जोडलेला नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही एकच. संगणकाला दोन वेगळे शब्द. मॅकच्या व्यवस्थेत सुट्या रूपाची परंपरा जुनी आहे. त्याची आधीची एचएफएस प्लस फाइलव्यवस्था फाइलांची नावं याच रूपात साठवायची. माझ्या अनुक्रमणिकेत ऱ अखंड होता आणि टंकलेला शब्द स्क्रिप्टपर्यंत पोचेपर्यंत सुटा होत होता.

सवयीप्रमाणे मी सुट्या जोडीच्या जागी अखंड अक्षर घालणारी ओळ लिहायला घेतली. लिहिता लिहिता थांबलो. फ्रेंच नावातल्या ‘ए’वरच्या रेघेचं काय? जर्मन ‘यू’वरच्या दोन टिंबांचं काय? हाच घोटाळा तिथेही होणार होता. हा प्रश्न माझ्या आधी कितीतरी लोकांना पडला असणार, हे इतकं उघड होतं की त्या रात्री मी ती लायब्ररी पहिल्यांदा उघडली.

बाहेरून येणारा शब्द वर्कफ्लोच्या कोडच्या हाती देण्याआधी ती त्याला एका ठरलेल्या युनिकोड रूपात आणते. दारातच, एकदाच, सगळ्या लिप्यांसाठी. ‘वऱ्हाड’ हा शब्द ती लायब्ररी लिहिणाऱ्याच्या मनात असण्याचं काही कारण नव्हतं. तरीही माझा ऱ त्यात सांभाळला गेला होता आणि माझ्या स्वतःच्या मराठी वर्कफ्लोत तो हरवला होता. मी बराच वेळ त्या ओळींकडे पाहत बसलो. ज्याला मी आळशी लोकांची सोय म्हणत होतो, त्यात माझ्याहून जास्त काळजी होती.

मग पुढचं वाचत गेलो. आणलेली माहिती ठरावीक वेळ साठवून ठेवायची सोय होती. जड काम मागे ढकलून पट्टी मोकळी ठेवण्याची होती. पासवर्ड मॅकच्या कीचेनमध्ये ठेवण्याची होती. लायब्ररीसोबतच्या शिकवणीच्या पहिल्या भागात पिनबोर्ड या बुकमार्क-सेवेवरच्या खुणा शोधणारा वर्कफ्लो तयार होतो. दुसऱ्या भागात तोच वर्कफ्लो इतरांच्या हाती देण्याजोगा कसा करायचा, हे समजावलं आहे. तो दुसरा भाग वाचताना मला माझी लाज वाटली. माझं काम कधी दुसऱ्याच्या हाती जाईल, असा विचारच मी केला नव्हता. मी स्वावलंबन म्हणत होतो, ती खरं तर भीती होती: दुसऱ्याचा चांगला कोड वाचला, तर आपला कोड किती पाण्यात आहे ते कळेल.

या नव्या मताचीही परीक्षा झाली. मार्च २०२२मध्ये मॅकओएस १२.३ आलं आणि त्यातून पायथन २.७ काढून टाकलं गेलं. ही लायब्ररी पायथन २साठी लिहिलेली. तिच्यावर उभे असलेले वर्कफ्लो बंद पडले. जुनं मत लगेच डोकं वर काढून म्हणालं, पाहिलंस, दुसऱ्यावर विसंबलं की असं होतं. पण माझ्या हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टही त्याच दिवशी बंद पडल्या होत्या. लायब्ररीची प्रत तर वर्कफ्लोच्या फोल्डरमध्ये जागेवरच होती; निघून गेला होता तो खालचा पायथन, आणि तो मीही लिहिलेला नव्हता. पायथन, युनिकोड, स्वतः आल्फ्रेड, यातलं काहीच माझं नव्हतं. एकट्याने केलेलं असं काही माझ्याकडे कधी नव्हतंच. पुढे लोकांनी त्याच लायब्ररीच्या पायथन ३वर चालणाऱ्या आवृत्त्या केल्या. माझ्या स्क्रिप्ट दुरुस्त करायला मात्र माझ्याशिवाय कुणी येणार नव्हतं, कारण त्या मी कुणाला दाखवल्याच नव्हत्या.

आजही मी कुठलीही लायब्ररी डोळे मिटून घेत नाही. आधी वाचतो, ती काय करते हे समजून घेतो, मगच वापरतो. तेवढा जुना हट्ट मला अजून योग्य वाटतो. बदललं आहे ते वाचण्यामागचं कारण. पूर्वी वाचलंच असतं, तर चुका शोधायला वाचलं असतं. आता शिकायला वाचतो. आणि एखादी अडचण सुटली, की ती माझ्यापुरती बुजवून पुढे जात नाही. तिचं उत्तर वेगळं काढतो, त्यावर चार ओळींची समज लिहितो आणि ज्याला हवं त्याला घेता येईल असं ठेवतो. इतकी वर्षं मी हे केलं नाही, याची खंत मला आहे.