पुंगळीचं माप

गोळी सुटली की काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. त्या क्षणी रायफलीच्या चेंबरमध्ये दर चौरस इंचाला साधारण ४० ते ६५ हजार पौंडांचा दाब असतो. पितळ चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं, वायूला मागे येऊ देत नाही आणि दाब उतरला की किंचित आकसून सुटं होतं. किंचितच. मूळ मापावर ते येत नाही. म्हणून परदेशात घरी काडतुसं पुन्हा भरणारे नेमबाज आधी पुंगळीला तेलाचा हात फिरवतात आणि ती पोलादी साच्यात दाबून मापात आणतात. तेल कमी पडलं तर पुंगळी साच्यात अडकून बसते, जास्त झालं तर पुंगळीच्या खांद्याला पोचा येतो.

देऊळघाटच्या एका माणसाच्या कानावर पोचा हा शब्द लहानपणीच पडला होता. आजीबरोबर तो पोचलेला पितळी गुंड घेऊन बुलढाण्याला कासाराकडे जायचा. कासार लोखंडी दांड्यावर गुंड चढवून बेताने ठोकायचा, मधेच थांबून भांडं भट्टीवर धरायचा आणि पुन्हा ठोकायला घ्यायचा. हा थांबतो कशाला, ते काही त्या पोराला कळत नसे.

उत्तर मिळालं आयटीआय झाल्यावर. राजूर घाट उतरून, मोताळा, मलकापूर, मुक्ताईनगर करत तो वरणगावच्या आयुध निर्माणीत उमेदवारीला गेला. १९६४ सालापासूनचा हा कारखाना लहान शस्त्रांची काडतुसं बनवतो. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. पट्टीतून वाटी कापायची, ती टप्प्याटप्प्याने ओढून लांबवायची आणि दोन ओढींच्या मधे तापवायची. ठोकलं, ओढलं, दाबलं की पितळ ताठरतं. तापवलं की मऊ पडतं. कासार थांबायचा तो यासाठी.

पुन्हा भरायच्या पुंगळीचंही तेच. दर खेपेला फुगणं आणि दाबलं जाणं यात तिची मान ताठरते आणि शेवटी चिरते. म्हणून जाणकार फक्त मान तापवतात. बूड कडकच राहिलं पाहिजे, कारण दाबाच्या वेळी तिथे चेंबरचा आधार नसतो. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं, तर आत खाच पडली आहे का ते वाकडी तार फिरवून बघतात. तार खाचेत अडली की पुंगळी बाद.

आणि पितळ नुसतं ठेवल्या ठेवल्याही चिरतं! इंग्रजी फौजेने हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवली आणि नंतर पाहिलं, तर पुष्कळशा पुंगळ्यांना तडे गेलेले. कारणाचा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढकामात पितळात कोंडून राहिलेला ताण, या दोघांनी मिळून ते केलं होतं. बेताचं तापवून तो ताण काढला, की तडे टळतात.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा देऊळघाटच्या या माणसाच्या घरी साचा नाही आणि पुंगळीही नाही. आजीचा गुंड मात्र आहे. तुमच्याही माळ्यावर असा गुंड पोचून पडला असेल, तर मोडीत घालण्याआधी एकदा कासाराला दाखवा. चीर गेली नसेल, तर तो अजून कामाचा आहे.