खाडा

मस्टर म्हणजे काय, हे मला अक्षरं कळण्याआधी कळलं होतं. मायचं नाव त्यात लागलं की बाजारच्या दिवशी घरात ज्वारी यायची. नाव राहिलं की उसनवारी. ती वही कायम मुकादमाच्या काखेत असायची, पण आमच्या घराचा सगळा हिशेब तिच्यातच होता.

माय लग्न होऊन लोह्याच्या शिवारात आली आणि पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. हातावरची हळद उतरायच्या आत तिनं टोपलं उचललं. पाझर तलावावर माती वाहिली, रस्त्याची खडी फोडली, कामावर मिळणारी सुकडी खाल्ली, रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच दुष्काळात राज्यभर पोचली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मायला कायद्याचं नाव ठाऊक नव्हतं. मागितलं तर काम द्यावं लागतं, एवढं मात्र तिनं पक्कं धरून ठेवलं होतं.

मी चौथीत असताना ती पुन्हा रोजगार हमीच्या कामावर होती. शनिवारी शाळा सुटली की मी तिच्याकडे जायची. एकदा पगारवाटपाच्या वेळी मस्टर उघडं होतं. मी मायचं नाव शोधलं आणि त्यापुढचे रकाने वाचले. तिला खाडा लावलेला होता. आठवडाभर ती एक दिवसही घरी राहिली नव्हती. मी मोठ्यानं म्हणाले, "मायचा खाडा कसा? ती तर रोज येऊ लालीय." आजूबाजूच्या बाया गप्प झाल्या. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, वही जवळ ओढली आणि खाडा खोडला. माय तेव्हा काही बोलली नाही. घरी येताना वाटेत म्हणाली, "आता शाळा सोडायची नाई. कायबी होऊ दे."

त्या एका वाक्यावर मी बारावी झाले, नांदेडला डी.एड. केलं आणि 1996 मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. शिक्षकांच्या मस्टरवर पहिली सही केली त्या दिवशी घरी येऊन मी ती सही कागदावर पुन्हा करून मायला दाखवली. तिनं विचारलं, "अन् लेकरांचं मस्टर कोण भरतं?" मी म्हटलं, मीच. "मग नीट बघून भर," एवढंच ती म्हणाली.

वडील गेल्यावर माय आमच्याकडेच राहायला आली. रोज संध्याकाळी मी दारात चप्पल काढेपर्यंत तिचा प्रश्न ठरलेला असे, "आज किती खाडे?" मी नावं सांगायची आणि ती कारणं सांगायची. मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरली की अर्धा वर्ग खंडोबाच्या माळावर, घोड्या-गाढवांच्या बाजारात. त्या खाड्यांचं तिला काही वाटत नसे. चार दिवसांनी लेकरं परत येतात, म्हणायची. दिवाळीनंतरचे खाडे मात्र तिला झोपू देत नसत. लोहा, कंधार, मुखेड या डोंगरपट्ट्यातून माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात. आईबापांच्या मागे लेकरंही जातात. हजेरीत नाव राहतं, लेकरू दिसत नाही. अशा घरी माय स्वतः जाऊन यायची आणि म्हाताऱ्या आजीला सांगायची, नातीला तुझ्यापाशी ठेव, माझी लेक शिकवती तिला.

ती गेली तेव्हा मातीला सगळी शाळा आली. दुखवट्याच्या दिवसांत माझे वर्ग सहकाऱ्यांनी आपसांत वाटून घेतले. महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम 1981 चे आहेत. त्यांत अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित, असाधारण अशा रजा आहेत. माणूस गेल्याची म्हणून वेगळी रजा नाही. मुख्याध्यापक सरांनीच अर्धवेतनी रजेचा अर्ज तयार करून घरी आणला, मी फक्त सही केली. परत कामावर गेले तेव्हा खिचडी करणाऱ्या मावशी मधल्या सुट्टीत माझ्यासमोर ताटली घेऊन बसायच्या. "बाई, तुमी खाल्ल्याबिगर मी उठत नाई." आणि त्या खरंच उठत नसत.

अशा ठिकाणी राहूनही मला नोकरी सोडावीशी वाटू लागली, हे कुणाला सांगणंही अवघड होतं. संध्याकाळी घरी येत होते आणि विचारणारं कुणी नव्हतं. हजेरी घेताना नावं ओठांवर यायची, पण ती कुणाला सांगायची? ही नोकरी मी मायसाठी केली, आता ती कुणासाठी करायची, या प्रश्नापाशी मी रोज येऊन थांबत होते. 20 वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मी 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेली, म्हणजे जुनी पेन्शनही होती. पुण्याचा भाऊ म्हणत होता, "ताई, इकडंच ये." कागदावर काहीच आडवं येत नव्हतं.

आडवा येत होता तो चांगुलपणा. नात्यातल्या एक काकू म्हणाल्या, "एवढी सांभाळून घेणारी माणसं अन् तू त्यांना सोडून निघालीस?" त्यांचं बोलणं मला लागलं, कारण ते माझ्याही मनात होतं. मावशींची ताटली, सरांनी आणलेला अर्ज, वाटून घेतलेले वर्ग हे सगळं मी फेडायची बाकी म्हणून मोजू लागले होते. सोडलं तर कृतघ्न, राहिले तर केवळ फेड म्हणून. दोन्हीकडे मुलांचा विचारच नव्हता.

शेवटी मी सरांशी बोलले. वाटलं होतं, ते थांबवतील. ते म्हणाले, "मॅडम, आमच्यासाठी थांबू नका. आम्ही केलं ते तुम्हाला बांधून ठेवायला नाही केलं. अर्ज द्यायचा असेल तर मी स्वतः पंचायत समितीत नेऊन देतो. फक्त वर्षश्राद्ध होऊ द्या."

त्यांच्या त्या बोलण्यानं माझ्या खांद्यावरचं सगळं ओझं उतरलं. ज्यांनी आधार दिला त्यांनीच मला मोकळं केलं, तेव्हा तो आधार निखळ होता हे कळलं. दुःखात मिळालेली माया मुक्कामाची अट होत नाही. ती घ्यावी, मनात जपावी आणि पुढं दुसऱ्या कुणावर वेळ आली की द्यावी. नोकरीचा निर्णय वेगळा आहे. तो कामाकडे बघून करायचा. तसं बघायला सवड लागते, आणि आपल्याकडे वर्षभराचे सगळे विधी पार पडेपर्यंत घरातले मोठे निर्णय लांबवतात त्यात मला आता फार शहाणपण दिसतं. पहिल्या महिन्यांत घर, गाव, नोकरी सगळंच परकं वाटतं. परकी झालेली असते ती आपली नजर.

वर्ष गेलं. मी अर्ज दिला नाही. सोडून पुण्याला गेले असते तरी त्यात काही वावगं नव्हतं. माझी एक मैत्रीण नवरा गेल्यावर अशीच नोकरी सोडून गेली आणि तिचा निर्णय तिच्यासाठी बरोबर ठरला. माझ्या बाबतीत त्या वर्षात एक गोष्ट उमगली. माय रोज खाडे विचारायची ते माझ्या नोकरीच्या कौतुकानं नव्हे. एका खाड्यानं घरात काय होतं, हे तिनं सोसलं होतं. तिला काळजी होती ती वहीतल्या नावांची. ती नावं अजून वहीत आहेत.

यंदा दिवाळीच्या सुट्टीआधीच मी स्थलांतर करणाऱ्या घरांत जाऊन आले. कुणाला आजीपाशी ठेवता येईल, कुणासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी करायची, याची यादी सरांनी आणि मी बसून केली. दोन घरांनी नाही म्हटलं. तिथं पुन्हा जायचं आहे. हे मी मायच्या आठवणीसाठी करत नाही. तिनं कधी विचारलं नसतं, तरी हे काम माझंच होतं.