शांबरिक खरोलिका : एका नावाची संहिता

मिरजोळे हे रत्नागिरी शहराला लागून असलेले गाव. तेथे आता औद्योगिक वसाहत आहे; पण शिमग्यात या परिसरात पालख्या निघतात आणि नमन-खेळे उभे राहतात. मृदंगावर थाप पडते, गण होतो, गौळण होते, आणि काळ्या अंगरख्यातला, उंच टोपीचा संकासूर येतो. हा वेद पळवणारा दैत्य. पुराणात वधाला पात्र, खेळात मात्र साऱ्यांचा लाडका. मुले त्याला भितात आणि त्याच्याच येण्याची वाट पाहतात. असुराला अंगणात बोलावून त्याच्याकडून करमणूक करून घेण्याची ही रीत कोकणी प्रेक्षकाच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यात काही विशेष आहे, असे कोणाला वाटत नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतल्या एका यंत्राला मराठीने दिलेले नाव समजून घेताना या रीतीचा उपयोग होतो. १८९२च्या सुमारास कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र ‘मॅजिक लँटर्न’चे खेळ करू लागले आणि त्या खेळाला ‘शांबरिक खरोलिका’ म्हटले गेले. आज हे नाव उच्चारताच श्रोते हसतात. संस्कृतप्रचुर पर्यायांच्या थट्टेत ते सहज खपते. परंतु ही थट्टा वाचनाचा कंटाळा दाखवते. शंबर हा मायावी असुर. प्रद्युम्नाने त्याला मारले ते त्याच्याच विद्येवर मात करून. त्याच्यावरून माया ती शांबरी. इंग्रजी नावातले ‘मॅजिक’ हे तोपर्यंत केवळ एक जाहिरातीचे विशेषण उरले होते. मराठी नावाने त्याला एक कथा, एक प्रतिपक्ष आणि एक वंशावळ दिली. ‘आगगाडी’ हा शब्द डोळ्यांना दिसले ते सांगतो, ‘तारायंत्र’ हा रचना सांगतो. ‘शांबरिक खरोलिका’ मात्र अर्थ लावते. हे भाषांतर नव्हे, भाष्य आहे.

या दिव्याचे तत्त्व जुने होते. सतराव्या शतकातल्या हॉयगेन्सपर्यंत ते मागे नेता येते. व्हिक्टोरियन इंग्लंडने त्याला उद्योगाचे रूप दिले. चुन्याच्या तुकड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत सोडून मिळणारा प्रखर उजेड, एक चित्र दुसऱ्यात विरघळवणारे जोडदिवे, तरफेने हलणाऱ्या काचा अशा साधनांवर लंडनची रॉयल पॉलिटेक्निक संस्था गाजली. १८६२च्या नाताळात तेथेच ‘पेपर्स घोस्ट’ अवतरले, तेही डिकन्सच्या कथेच्या निमित्ताने. विज्ञान शिकवण्याचे आणि भूत दाखवण्याचे काम एकाच छपराखाली चाले, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नसे. त्या युगाविषयी बोलताना आपण त्याच्या बुद्धिवादाचाच तेवढा उल्लेख करतो, हे येथे नोंदवून ठेवावे.

कल्याणला लोहमार्ग १८५४ साली पोचला होता. (रत्नागिरीला त्यासाठी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत थांबावे लागले, व्हिक्टोरियन शोधही सर्वत्र एकाच शतकात पोचत नाहीत.) मुंबईच्या बाजारात आलेली वस्तू कल्याणात यायला वेळ लागत नसे. वस्तू आली, तिच्यासोबतचा मजकूर मात्र पटवर्धनांनी घेतला नाही. काचा त्यांनी स्वतः रंगवल्या. रामायण-महाभारतातले प्रसंग घेतले, आणि सर्कसही घेतली. एकाहून अधिक दिवे वापरून, काचेमागून काच सरकवून आकृतीला हालचाल दिली. आणि पडद्याच्या बाजूला निवेदन, गाणे, वाद्ये ठेवली.

या निवेदकाची जात कोणती? त्याचे उत्तर दक्षिण कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत सापडते. तेथील ठाकर समाजाचे चित्रकथी वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने एकेक चित्र समोर धरून आख्यान लावतात. चित्रांच्या अशा संचाला ते ‘पोथी’ म्हणतात. हा शब्दप्रयोग समीक्षेने गंभीरपणे घ्यायला हवा होता. या पोथीत अक्षरे नाहीत. ती वाचायची म्हणजे बोलायची, गायची. संहिता चित्रातही नाही आणि केवळ बोलण्यातही नाही. ती दोहोंच्या मधल्या अंतरात, प्रयोगाच्या वेळेपुरती, घडते. पटवर्धनांच्या काचा या अर्थाने पोथीच होत्या. कल्याणने पिंगुळीचे अनुकरण केले, असा दावा येथे नाही. प्रेक्षकाला चित्रामागून कथा ऐकण्याची सवय आधीपासून होती आणि यंत्राला ती तयार मिळाली, एवढेच म्हणायचे आहे.

मराठी वाङ्मयेतिहासात १८८५नंतरचा काळ ‘अर्वाचीन’ म्हणून गौरवला जातो, आणि त्याचा नायक याच जिल्ह्यातल्या मालगुंडचा. केशवसुतांची ‘तुतारी’ १८९३ची, म्हणजे शांबरिक खरोलिकेची समकालीन. परंतु एक घटना आधुनिकतेच्या प्रकरणात जाते आणि दुसरी गमतीच्या सदरात. याचे कारण गुणवत्तेच्या फरकात शोधण्यापूर्वी आपल्या साधनांत शोधावे. आपला इतिहास छापील पानावर उभा आहे. जे छापले गेले नाही ते वाङ्मय नव्हे, हा संकेत आपण वसाहतकाळातच उचलला, आणि वसाहतवादावर टीका करतानाही तो सोडला नाही. देशीयतेच्या चर्चेतसुद्धा संत, शाहीर आणि कादंबरी येते. दिव्यापुढे उभा राहून आख्यान लावणारा माणूस येत नाही. तो ना पुरता देशी, ना पुरता परका. यंत्र विलायती, कथा पुराणातली, नाव असुराचे. अशा संमिश्र गोष्टीसाठी आपल्याकडे खाना नाही, आणि तो नसल्याची खंतही फारशी नाही.

या अनास्थेची किंमत मोजावी लागली आहे. काच जपता येते. तिच्यावरचा रंग, आकृतीची ठेवण, तरफेची जागा तपासता येते. पण काच सरकत असताना कोणते वाक्य बोलले जाई, कोठे थांबले जाई, सर्कशीपुढे कोणती भाषा वापरली जाई आणि सीतेपुढे कोणती, हे काच सांगत नाही. गद्याच्या इतिहासाला हवे होते ते नेमके हेच बोलणे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, आणि हाताने सरकवलेल्या काचेचे नवल ओसरू लागले. निवेदक मात्र लगेच गेला नाही. १९१३ सालच्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये मजकुराच्या पाट्या होत्या, हिंदीत आणि इंग्रजीत, मूकपटांच्या काळात ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी अशा पाट्या थिएटरात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवत असे. पुढे १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. कथा तीच, हरिश्चंद्राची. या वेळी मराठी पडदा स्वतःच बोलत होता.