पाच-वीसचे टायर

रत्नागिरीत वाढलेल्या मुलाला टायर आधी समुद्रावर भेटतो. मिरकरवाड्याच्या बंदरात लाँची एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांच्या कडेला जुने टायर दोराने टांगलेले असत. भाट्याच्या खाडीत आम्ही पोहायला शिकलो ते ट्रकच्या ट्यूबवर. टायर म्हणजे गाडीचा भाग, हे मला अण्णांची फियाट घरी आल्यावर कळलं.

अण्णा वकील. राजापूर, लांजा, देवरुख इथल्या कोर्टांत तारखा असत, आणि एसटीच्या वेळा न्यायाधीशांच्या वेळांशी कधी जुळत नसत. नव्या फियाटसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. अण्णांनी तो नाद सोडला आणि मुंबईहून वापरलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाटच, आणली. पांढरी, स्टेअरिंगजवळ हातगिअर असलेली, १०८९ सीसीच्या इंजिनाची. ताकद जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. तिच्या टायरवर ५.२०-१४ असं कोरलेलं होतं. रुंदी सव्वापाच इंचांहून थोडी कमी, म्हणजे तेरा सेंटिमीटर, आणि रिंग चौदा इंचांची. आजच्या टायरांपुढे तो टायर अगदी किरकोळ वाटतो.

दर रविवारी अण्णा टायरच्या खाचांत अडकलेली जांभ्याची खडी काडीने काढत बसत. प्रत्येक खडा निघाला की तिथे अंगठा दाबून बघत, आत धागा तर दिसत नाही ना. तांबड्या मातीत रुतलेला बारीक टोकदार खडा आठवडाभर आत आत जातो आणि मग हातखंब्याच्या चढावर भर दुपारी हवा सोडतो, हे त्यांचं म्हणणं मी पुढे स्वतःच्या गाड्यांवर पडताळून पाहिलं आहे. पंक्चर काढताना मला समोर उभं करत. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबली की बुडबुडे कुठून येतात ते दाखवायचं काम माझं. भोकाभोवती कानशीने घासायचं, सोल्युशन लावायचं, ते वाळेपर्यंत हात आवरायचा. बहुतेक पॅच उखडतात ते वाळू न दिल्यामुळे.

या गाडी-टायरच्या नात्यातली एक गोष्ट मला फार आवडते. फियाट कंपनी इटलीतल्या तुरीन शहरातली, आणि टायरवाल्या सीएट कंपनीचा जन्मही १९२४ साली त्याच तुरीनमध्ये झाला. एक कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरच्या कारखान्यात उतरली, दुसरी १९५८ साली भांडुपला. एका गावची गाडी आणि एका गावचा टायर मुंबईच्या उपनगरांत शेजारी होऊन राहिले.

अण्णा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. मुंबईत पद्मिनी टॅक्सी भरपूर होत्या तोवर तिचं सामान मिळायची चिंता नव्हती. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, पण सामानाची तंगी त्याआधीच सुरू झाली होती. पाच-वीसचा टायर मिळाला तरी दुकानात वर्षानुवर्षं पडून कडक झालेला. कडक टायरवर आपल्या पावसात गाडी चालवणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, सोळाच्या अलॉय टाकू. जुन्या फियाट शर्यतीत पळायच्या, तसा लूक येईल." फियाट ११०० गाड्या जुहूच्या आणि चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर खरंच पळायच्या. पण शर्यतवाले आधी गाडीचं वजन उतरवत. मोठी रिंग म्हणजे स्प्रिंगच्या खालचं वजन वाढण्याचाच संभव. रिंग मोठी आणि गाडीचा पत्रा तेवढाच, म्हणून रबर बारीक घ्यावं लागतं. १९५/४५ आर १६ टायरची भिंत पावणेनऊ सेंटिमीटरची. जुन्या टायरची त्याहून जवळजवळ दीडपट. म्हणजे जाते ती हवा. गाडीचं ओझं उचलते ती हवा, रस्त्याचा दणका आधी झेलते तीही हवाच. आरे-वारेच्या वळणांवर पावसाने उखडलेली रस्त्याची कड चाकाखाली आली की बारीक टायर तो दणका सरळ रिंगला देतो, रिंग बेअरिंगला, आणि बेअरिंग जुन्या गाडीच्या बॉडीला. रिंग बाहेर काढून बसवली तर बेअरिंगवरचा ताण आणखी वाढतो. डोळ्यांना बरी दिसणारी ही गोष्ट माझ्या मते या गाडीवर अन्याय आहे, आणि ते मी त्याला स्पष्ट सांगितलं.

मोठं करायचं ते रबर. गाडीचं काम बघणाऱ्या मेस्त्रींनी डिझायरच्या साध्या मॉडेलला येणारा १६५/८० आर १४ सुचवला. चौदाचीच रिंग, सव्वातीन सेंटिमीटर जास्त रुंदी आणि भिंत तेरा सेंटिमीटरच्या वर. शिवाय रेडियल. जुन्या टायरात धागे तिरके, एकमेकांवर आडवेतिडवे असतात. रेडियलमध्ये ते या कडेहून त्या कडेला सरळ जातात आणि वरून पट्टे बसतात. मिशलिनने ही रचना १९४६ साली काढली. तिच्यामुळे भिंत वाकते, पण जमिनीला टेकलेला भाग सपाट राहतो. रेडियल उभा असताना हवा कमी असल्यासारखा दिसतो. घाबरून दाब वाढवू नये.

मग खडूचं काम. जुन्या टायरवर आणि जमिनीवर खूण केली, गाडी ढकलून चाकाची एक फेरी पूर्ण केली, टेप लावला: १८४ सेंटिमीटर. नव्या टायरची फेरी १८९. स्पीडोमीटरला हे कळत नाही. त्याने ६० दाखवले की गाडी साडेएकसष्टच्या आसपास असते. तेवढंच गिअरचं ओझंही वाढतं आणि चाळीस हॉर्सपॉवरला ते जाणवतं. आंबा घाटात पूर्वी जिथे तिसऱ्यावर गाडी निघायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो. स्टेअरिंग पूर्ण तोडलं की टायर आणि आतल्या पत्र्यात बोटभर जागा राहते. मागे चार माणसं बसवून, खड्ड्यात उतरवून ती पुन्हा तपासली. उभ्या गाडीत स्टेअरिंग जड झालं आहे, चालताना मात्र गाडी आधी जशी कडेला ओढायची तशी ओढत नाही.

रिंगा जुन्याच ठेवल्या. खाऱ्या हवेने कडांना धरलेला गंज तारेच्या ब्रशने पांढरा पत्रा दिसेपर्यंत काढला, कारण तिथला कण न् कण ट्यूब कापतो. स्टेपनीही रेडियलच घेतली. दोन जातींचे टायर एका गाडीवर फिरवू नयेत. पुतण्याने चारही चाकं स्वतः बसवली, नट समोरासमोरचे आवळले आणि गाडी घेऊन पावस गावाला जाऊन आला. आल्यावर म्हणाला, "काका, पकड आता रस्त्याला आहे, पण ब्रेक तेच जुने." त्याचं बरोबर आहे. मोठा टायर थांबवायला ड्रमला जोर जास्त लागतो. पुढचे लायनर आणि व्हील सिलिंडर मेस्त्री पावसाआधी उघडणार आहेत.