कायचे पैसे?

पाट्या रंगवणाऱ्याला पैसे कसे मिळतात हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. अर्धे आगाऊ, बाकीचे पाटी चढल्यावर, आणि त्यातले शे-दोनशे कधीच नाही. आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूरच्या बाजारात मी बरीच वर्षं हेच काम केलं. किराणा, खताचं दुकान, शाळेची भिंत. एकाच पाटीवर वर तेलुगू, खाली मराठी, कोपऱ्यात हिंदी. मग फ्लेक्स आलं आणि ब्रश वाळले. अक्षरं काढतानाचे व्हिडिओ टाकायला लागलो ते रिकामपणातून. यातून परदेशी गिऱ्हाईक मिळेल असं कुणी म्हटलं असतं तर त्याला चहा पाजून घरी पाठवला असता.

गिऱ्हाईक मिळालं ते गोंडी अक्षरांमुळे. आमच्याच मंडळात गुंजाला नावाचं गाव आहे. तिथली जुनी हस्तलिखितं २००६च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेला आली आणि त्यांतली लिपी गावाच्या नावाने ‘गुंजाला गोंडी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. जून २०१८मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत तिला जागा मिळाली. बालाघाटच्या मुंशी मंगलसिंग मसराम यांनी १९१८मध्ये केलेली गोंडी लिपी वेगळी. बाहेरच्या लोकांना नेमका हाच फरक समजून घ्यायचा असतो. त्यांत फाँट करणारे असतात, भाषेचे विद्यार्थी असतात आणि जगातल्या लिप्या गोळा करायचा छंद असलेले बरेच. वळण ब्रशने कसं फिरतं ते मी दाखवायचो. मग एका जर्मन मुलीने विचारलं, गिरवायला पानं करून द्याल का, आणि पैसे कुठे पाठवू?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्यासाठी आधी गुंजाल्याला जाऊन आलो. लिपी माझी नाही, मी गोंड नाही, घरी मराठी बोलतो, गोंडी कामापुरती. तिथल्या जाणत्या माणसांनी सरळ विचारलं, विकणार काय? ठरलं ते असं की लिपीचे पैसे घ्यायचे नाहीत, माझ्या हाताने आखलेल्या पानांचे घ्यायचे, आणि गावातल्या मुलांना ती फुकट. खामदेवाच्या जत्रेचं चित्रीकरण पैसे लावून दाखवायचं नाही, हेही तिथेच ठरलं. पौष महिन्यात नार्नूरला ही जत्रा भरते, तोडसम कुळाची लेक देवापुढे तिळाचं तेल पिते. असल्या व्हिडिओला लाखो लोक जमतात, हे मला कळतं. तरी नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, “कायचे पैसे येणार म्हणतो रे?” मी म्हटलं, अक्षरांचे. तिचं समाधान झालं नाही. पुढे बँकेचंही झालं नाही.

पैसे कोणत्या वाटेने घ्यायचे, हा पुढचा प्रश्न. यूट्यूबचं त्यातल्या त्यात बरं, तिथे निवड करावीच लागत नाही. दहा डॉलर जमले की पत्त्याची खात्री करायला गूगल साध्या टपालाने एक पिन पाठवतं. आमच्या घराला नंबर नाही, पत्ता म्हणजे बापाचं नाव आणि जवळचं देऊळ. पाकीट आलं, पण पोस्टमनच्या चेहऱ्यावरून वाटलं की कर्जाची नोटीसच आहे. शंभर डॉलर भरल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि सुटतात ते महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान. त्याआधी अमेरिकेच्या कराचा डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म. तो भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर, दोन देशांमधल्या करारानुसार, १५ टक्के कापतात. नाही भरला तर साऱ्या जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कात्री लागू शकते. हा फॉर्म पोरं टाळतात, इंग्रजी बघून घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. कापलेला कर मी इथे विवरणपत्राबरोबर फॉर्म ६७ भरून वजा करून मागितला.

पानांचे पैसे मात्र थेट माणसाकडून घ्यायचे होते, तिथे खरी निवड आली. ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्यांत स्ट्राइपचं नाव सगळे घेतात, पण २०२४पासून भारतात नवं खातं त्यांच्या आमंत्रणावरच मिळतं, आणि परदेशी पैसे घ्यायला नोंदलेला धंदा लागतो. एका देशी कंपनीकडे अर्ज केला. त्यांना वेबसाइट हवी, अटींचं पान हवं, माल परत घेण्याच्या धोरणाचं पान हवं. गिरवून झालेलं अक्षर परत कसं घ्यायचं, हे मला लिहिता येईना. दर महिन्याला वर्गणी घेणारी पॅट्रिऑनसारखी व्यवस्था मी दुसऱ्याच कारणाने सोडली. तिथे महिन्याला काहीतरी नवं द्यावं लागतं. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे कुणाचंही दुसरं काम पुढे सरकत नाही, माझं तर मुळीच नाही.

राहिलं पेपॅल. त्यांनी १ एप्रिल २०२१पासून भारतातल्या भारतातली देवघेव बंद केली, पण परदेशातून घेण्याची सोय चालू ठेवली. डॉलर तिथे साठवता येत नाहीत, रुपये होऊन बँकेत उतरतात. मी कागदावर हिशेब मांडला. ४.४ टक्के आणि वर ठरलेले ३० सेंट. पाच डॉलरचं एक पान विकलं तर २२ अधिक ३०, म्हणजे ५२ सेंट गेले, दहा टक्क्यांहून जास्त. पन्नास डॉलरवर तीच कपात अडीच डॉलर, पाच टक्के. डॉलरचे रुपये करताना बाजारभावापेक्षा कमी भाव मिळतो, ते नुकसान वेगळं. खलनायक ते ३० सेंट होते. तेव्हा सुटी पानं विकायचंच बंद केलं. वर्षाचा एकच संच केला, मुळाक्षरांपासून अंकांपर्यंत, आणि किंमत एकदाच. कमिशन तेच राहिलं, विकण्याची रीत बदलली.

बँकेत वायर ट्रान्सफरने थेट मागवावेत, असं एका सुशिक्षित नातेवाइकाने सुचवलं होतं. मोठ्या रकमेला ते ठीक. लहान रकमेत पाठवणाऱ्याची बँक कापते, मधली कापते, आपली कापते. परकीय चलन बदलण्यावर जीएसटी असतो, आणि तो रक्कम कितीही लहान असली तरी किमान ४५ रुपये. पंधरा डॉलरसाठी ही वरात कशाला?

आता बँकेचं. शाखेचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. एक रक्कम अडकली. साहेब तेलुगू, मी मराठी, बोलणं हिंदीत. “ये पैसा किस बात का है?” पाठवणाऱ्या भल्या माणसाने शेऱ्यात ‘डोनेशन’ लिहिलं होतं. परदेशी माणसाची देणगी म्हटली की परकीय देणग्यांचा कायदा आठवतो. विकलेल्या मालाची किंवा केलेल्या कामाची किंमत मात्र देणगी ठरत नाही. साहेबांना हे माहीत होतं, कागद नव्हता. मी त्या गृहस्थांना लिहून त्यांच्याकडून खरेदीचा मजकूर मागवला, माझं बिल जोडलं. पैसे सुटले, पण दिवस गेले.

तेव्हापासून दर विक्रीचं बिल करतो: गिरवण्याच्या पानांचा संच, नग एक, इतके डॉलर. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रकमेला रिझर्व्ह बँकेचा एक हेतू-संकेत लागतो. सॉफ्टवेअरचा वेगळा, दृक्‌श्राव्य कामाचा वेगळा, शिक्षणाचा वेगळा. पेपॅलवर यादीतून निवडायचा असतो आणि पुष्कळ जण डोळे झाकून सॉफ्टवेअरवर बोट ठेवतात. आदिलाबादच्या सीएनी मला एवढंच बजावलं की बिलात जे लिहाल तेच संकेतात हवं आणि विवरणपत्रातही तेच. कमिशनची तुलना करणारे शेकडो व्हिडिओ मी पाहिले असतील. हे एकाही व्हिडिओत नव्हतं.

नावाची गोष्ट आमच्या भागातली खास. आधारवर तेलुगू पद्धतीने आडनाव आधी, पॅनवर मराठी पद्धतीने बापाचं नाव मध्ये, बँकेत नुसती आद्याक्षरं. संगणकाला ही तीन माणसं वाटतात. मी-सेवा केंद्रात फेऱ्या मारून तिन्ही कागद एका नावावर आणले, मगच खातं पक्कं झालं. सोय कोणतीही निवडा, हे काम आधी करा. ओटीपी यायच्या वेळी टॉवर जातो, त्याला मात्र इलाज नाही.

मराठी गिऱ्हाइकांसाठी वेगळी खिडकी ठेवली आहे. किनवट आणि राजुरा १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, तिकडची मंडळी आता मस्कत, दुबई, अमेरिकेत आहेत आणि नार्नूर नाव ऐकलं की ओळख काढतात. अनिवासी खातं असेल तर ओमान, अमिराती, अमेरिका, इंग्लंड अशा निवडक देशांतल्या मोबाइल नंबरवर यूपीआय चालतं, ही सोय २०२३पासून आहे. त्यांचे पैसे रुपयांतच येतात, कपात शून्य. मस्कतचे एक काका संच घेतात आणि वर पन्नास रुपये जास्त टाकतात. बिलात ते कुठे बसवायचे, हा माझा दर वेळचा त्रास. शेवटी त्यांना एक जास्तीचं पान पाठवतो.

जैनूरकडचा एक मुलगा सध्या माझ्याकडे येतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून विकायच्या म्हणतो, मॉरिशसच्या मराठी लोकांनी मागितल्या आहेत. कमिशन कुठे कमी, हाच त्याचाही पहिला प्रश्न. मी म्हटलं, ओव्या आजीच्या, मग बिल कुणाच्या नावाचं? आजीच्या खात्यात म्हातारपणाची पेन्शन येते, त्यात डॉलर उतरले तर पेन्शन बंद होईल या धास्तीने ती खातं द्यायला तयार नाही. आम्ही असं बसवलंय की खातं आणि बिल त्याचं, आणि आजीला गाण्याचा मोबदला त्याने दर विक्रीमागे द्यायचा, वहीत तिचा अंगठा घेऊन. किती द्यायचा, यावर दोघांचं अजून जमलेलं नाही. आजी निम्मे मागते आहे.