घोडीनं सांगितलं होतं

माथेरानच्या तांबड्या वाटेवर घोडेवाल्यानं लगाम धरून फिरवलं, एवढंच माझं घोड्यावर बसणं! तेव्हा पायाखालच्या जमिनीची काळजी घोडेवाल्याला. इथे अमिरातीत, पंचेचाळिशी उलटल्यावर, रीतसर शिकायला लागले आणि कळलं की बसणं सोपं, जमीन ओळखणं कठीण.

वाळवंट म्हणजे सगळीकडे सारखीच वाळू, अशी आपली समजूत. तबेल्यातल्या म्हाताऱ्या सिंधी चाचांनी ती पहिल्याच आठवड्यात मोडली. इथला शमाल वारा वायव्येकडून येतो. टेकडीची वाऱ्याकडची बाजू दाबून बसलेली, चढ सौम्य. तिथून खुशाल जावं. पलीकडचा उतार तीसेक अंशांचा आणि भुसभुशीत. तिथे पाय रुततात, घोड्याची नस दुखावते. झुडपांभोवती उंदरा-सरड्यांची बिळं, म्हणून लांबून वळायचं. पहाटे दंवानं वाळू जरा घट्ट असते.

सगळ्यांत फसवी ती सबखा. किनाऱ्याजवळची ही सपाट खारी जमीन म्हणजे आपल्या कोकणातल्या खाजणाची चुलत बहीण. खालचं खारं पाणी उन्हानं वर ओढलं जातं, वाळतं आणि मिठाचा पापुद्रा धरतो. वर कडक, खाली चिखल.

१६ एप्रिल २०२४ चा पाऊस कोण विसरेल? अल ऐनजवळ खतम अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मि.मी. पडला! त्यानंतर तीनेक आठवड्यांनी आम्ही पहाटे किनाऱ्याकडे निघालो. समोर पांढरी, कोरडी, पोळपाटासारखी जमीन. घोडी थबकली, मान खाली घालून फुरफुरली. मला वाटलं, आळस करतेय. मी टाच मारली. टापांचा आवाज आधी खणखणीत, मग पोकळ, मग बंदच! पुढचे दोन्ही पाय चिखलात गेले. मी घाबरून उतरले. चाचांनी तिला चुचकारत, आल्या वाटेनंच मागे घेतलं.

पुढचा डावा पाय सुजला. दोन महिने घोडी तबेल्यात उभी. चाचा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "बीबीजी, उसने तो बताया था."

आता शंका आली की मी आधी उतरते, टाच दाबून बघते, उंटांच्या पाऊलखुणा शोधते. आणि घोडी थांबली, तर मीही थांबते. खरारा करताना मात्र हात अजून आधी त्या डाव्या पायाकडेच जातो.